श्वाननिद्रा : पिल्लांची आणि आपली

शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला विद्यार्थ्याची पाच लक्षणे पाठ असतात. त्यातले एक लक्षण म्हणजे 'श्वाननिद्रा'. अर्थ सांगताना गुरुजी म्हणत, "कुत्र्यासारखी झोप, म्हणजे सावध झोप. जरा खुट्ट झाले की जाग आली पाहिजे." हॉस्टेलमध्ये आल्यावर या शब्दाचा अर्थ बदलतो. सबमिशनच्या आठवड्यात कोणी "भाऊ, सध्या श्वाननिद्रा चालू हाय आपली" असे म्हटले, की समजायचे गडी रात्री दोन तास झोपला आणि उरलेली झोप थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला काढणार आहे!

पण मित्रांनो, कुत्रा खरोखर किती झोपतो? आणि त्याचे पिल्लू किती झोपते? या लेखात मी याच प्रश्नाचा अभ्यास मांडणार आहे. विषय हलकाफुलका वाटेल, पण त्यामागे एक कारण आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात धान कापणी आटोपली आणि थंडी पडू लागली की गावोगावच्या तणसाच्या ढिगात, गोठ्यात, शाळेच्या व्हरांड्यात कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. आपल्या हॉस्टेलचा जिना आणि मेसच्या मागची सरपणाची जागाही त्याला अपवाद नाही. पिल्ले आली की पोट्टे खूश! रात्री बारा-एकला अभ्यासाचा कंटाळा आला की कोणीतरी खाली जातो, झोपलेले पिल्लू उचलून खोलीत आणतो, बिस्किट चारतो, फोटो काढतो. एकाचे झाले की दुसऱ्याची पाळी. दिवसा पाहावे तर पिल्लू निपचित. मग प्रश्न येतो, "अबे, हे आजारी हाय का? कवाचं झोपूनच हाय!"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की शेवटी वाचायला बसलो. जे हाती लागले ते पुढे देत आहे.

थंडीतच पिल्ले का?

पाळीव जातीची कुत्री वर्षात केव्हाही वितात. आपल्याकडच्या गावठी, मोकाट कुत्र्यांचे मात्र बऱ्यापैकी एक वेळापत्रक असते. पश्चिम बंगाल आणि जयपूर येथील मोकाट कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की त्यांचा माजाचा काळ प्रामुख्याने पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता येतो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे हिशेब सरळ आहे : पिल्ले ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान जन्मतात. आपल्या वैनगंगेच्या काठी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किती गारठा असतो हे पहाटे नळाखाली हात धुणाऱ्याला सांगायला नको. नेमक्या याच दिवसांत हे डोळे मिटलेले जीव जमिनीवर पडलेले असतात.

कुत्री आपल्याजवळच का येते? कोलकात्याच्या 'आयसर' या संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी भारतातल्या मोकाट कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करीत आहेत. २०१६ साली त्यांनी दाखवून दिले की विणारी कुत्री माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करते. अन्न जवळ, आडोसा जवळ. मात्र त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासातला आकडा अंगावर काटा आणतो. ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांपैकी फक्त १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगली. आणि जी मेली, त्यातल्या ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता : गाडीखाली येणे, मारणे, उचलून नेणे वगैरे. म्हणजे आई ज्या माणसाच्या भरवशावर जवळ येते, तोच माणूस पिल्लाच्या मुळावर येतो. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचे वाचा.

पहिले दोन आठवडे : खाणे आणि झोपणे

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे बंद असतात, कानाच्या नळ्याही बंद असतात. डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. या काळात पिल्लू दिवसाच्या २४ तासांतला सुमारे ९० टक्के वेळ झोपलेले असते. उरलेला वेळ दूध पिणे. दर दोन-अडीच तासांनी उठायचे, आईची ऊब आणि वास हुंगत सरकायचे, प्यायचे आणि पुन्हा झोपायचे. साधी शी-शूसुद्धा त्याला स्वतःहून होत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. म्हणून या वयातल्या पिल्लाला आईपासून लांब नेणे म्हणजे त्याचे खाणे, झोपणे आणि पोट साफ होणे हे तिन्ही एकदम तोडणे होय.

"एवढं झोपून करते काय?" असा प्रश्न पडेल. करते ते असे : आठ-दहा दिवसांत त्याचे वजन जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते. मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा वाढीला लागते, हालचालीवर उधळपट्टी होत नाही. आपल्या आया-आज्या तान्ह्या बाळाबद्दल म्हणतात ना, "झोपू द्या त्याले, पोरगं झोपेतच वाढते", ते शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. माणसाच्या मुलांमध्ये वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव गाढ झोपेतच होतो.

ढीग करून का झोपतात? (मेकॅनिकलवाल्यांसाठी)

पिल्ले एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. बघायला गोड वाटते, पण त्यामागे चक्क हीट ट्रान्सफर आहे. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. नवजात पिल्लाचे पहिल्या आठवड्यात साधारण ३५ ते ३६ अंशच असते, आणि तेवढे टिकवायलाही त्याला बाहेरची ऊब लागते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, म्हणजे स्नायू थरथरून उष्णता तयार करतो. पिल्लाला पहिले काही दिवस कुडकुडताही येत नाही.

आता गणित करू. समजा आईचे वजन १५ किलो आणि पिल्लाचे ३०० ग्रॅम. म्हणजे आई ५० पट जड. आकार सारखाच धरला तर लांबीचे प्रमाण ५० चे घनमूळ, म्हणजे सुमारे ३.७. उष्णता तयार होते घनफळात आणि बाहेर जाते पृष्ठभागातून. म्हणून पिल्लाच्या दर ग्रॅम वजनामागे उघडा पृष्ठभाग आईच्या ३.७ पट! त्यात अंगावर चरबी नाही आणि केसही तोकडे. एकटे पिल्लू फरशीवर ठेवले की ते थंड होणारच. पाच-सहा पिल्ले एकमेकांना चिकटली की प्रत्येकाचा उघडा पृष्ठभाग कमी होतो आणि सगळा ढीग मिळून एका मोठ्या प्राण्यासारखा वागतो. उकडायला लागले की हीच पिल्ले पांगून, पोट जमिनीला लावून झोपतात. म्हणजे पिल्लांचा ढीग हा एक फुकटचा थर्मामीटर आहे. घट्ट ढीग आणि कुईकुई चालू असेल तर थंडी वाजतेय. सैल ढीग आणि शांतता असेल तर सगळे ठीक.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचे तापमान २९ ते ३२ अंश असावे असे पशुवैद्यकाची पुस्तके सांगतात. ही ऊब आई आणि भावंडे मिळून देतात. आपण त्यातले एक पिल्लू रात्री उचलून पंख्याखालच्या टेबलावर ठेवले तर काय होईल, हे वरच्या गणितावरून कळलेच असेल.

आणखी एक बाब. गारठलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नये. शरीर थंड पडले की आतड्यांचे काम मंदावते, दूध पचत नाही, श्वासनलिकेत जाण्याचाही धोका असतो. आधी हळूहळू ऊब, मग दूध.

झोपेत पाय का झटकतात?

झोपलेल्या पिल्लाचे पाय थरथरतात, ओठ हलतात, मध्येच चोखल्यासारखे करते, बारीक कुईं करते, श्वास क्षणभर भराभर चालतो. हे पाहून अनेकजण घाबरतात. "फिट आली!" म्हणून त्याला हलवून जागे करतात. वास्तविक हे नॉर्मल झोपेचे लक्षण आहे.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसाच्या झोपेत डोळे जलद हलण्याचा एक टप्पा असतो हे दाखवले. हीच ती आर.ई.एम. झोप, ज्यात आपल्याला ठळक स्वप्ने पडतात. पुढे हा टप्पा कुत्र्या-मांजरांतही आढळला. मोठ्या प्राण्यात या टप्प्यात मेंदूचा खालचा भाग स्नायूंना 'बंद' ठेवतो, म्हणून स्वप्नात धावणारा प्राणी खरोखर धावत नाही. पिल्लात ही ब्रेकची यंत्रणा अजून पुरती तयार नसते, म्हणून झटके जास्त दिसतात.

नवजात प्राण्यांत या प्रकारच्या झोपेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा फार जास्त असते. १९६६ साली रॉफवर्ग, मुझिओ आणि डिमेंट यांनी असा विचार मांडला की बाहेरून फारसे काही दिसत-ऐकत नसताना मेंदू या झोपेत आतूनच स्वतःला संदेश देतो आणि त्यातून मज्जासंस्थेची जोडणी पक्की होते. आपल्या भाषेत सांगायचे तर सर्किट बसवल्यावर पुरवठा जोडण्याआधी केलेले टेस्टिंग! म्हणून पाय झटकणाऱ्या पिल्लाला जागे करू नये. त्याचे काम चालू आहे.

मग खरी फिट कशी ओळखायची? स्वप्नातले झटके हलके आणि तुटक असतात, शरीर सैल असते आणि नावाने किंवा चुटकीने हाक मारली की पिल्लू उठते. फिटमध्ये शरीर ताठ होते, पाय एकसारखे वल्हवल्यासारखे चालतात, लाळ गळते, शू होऊ शकते, हाक मारून जाग येत नाही, आणि नंतरही काही वेळ पिल्लू भांबावलेले असते. असे दिसले तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

वयाप्रमाणे झोप

स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली कुत्र्यांच्या वर्तनावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वाढीचे त्यांनी केलेले टप्पे आजही वापरले जातात. त्यांच्या आधाराने झोपेचे चित्र असे दिसते :

१) जन्म ते २ आठवडे : जवळजवळ सगळा वेळ झोप. दिवस-रात्र हा फरक नाही.

२) २ ते ३ आठवडे : डोळे, कान उघडतात. अडखळत चालणे सुरू. जागेपणाचे छोटे छोटे तुकडे दिसू लागतात.

३) ३ ते ८ आठवडे : खेळ, कुस्ती, चावाचावी. दहा-पंधरा मिनिटे तुफान मस्ती आणि मग मधेच, कधी कधी खेळता खेळताच, धप्पकन झोप. हे 'स्विच ऑफ' होणे अगदी नॉर्मल आहे. दिवसभरात अनेक डुलक्या.

४) २ ते ४ महिने : रात्रीची झोप लांबू लागते. तरी शूसाठी रात्री एक-दोनदा उठणे चालूच. एक ढोबळ नियम असा की पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवा, तितके तास ते शू धरू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू रात्री तीन तासांनी उठून कुरकुर करू लागले तर तो हट्ट नाही, मूत्राशयाची क्षमता आहे.

५) ४ महिन्यांनंतर : बहुतेक झोप रात्री, दिवसा काही डुलक्या. हळूहळू मोठ्या कुत्र्यासारखा क्रम बसतो.

अठरा तास की अकरा तास?

पिल्लू दिवसाला १८ ते २० तास झोपते, असे जवळजवळ सगळीकडे लिहिलेले असते. पण २०२० साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत १६ आठवड्यांच्या पिल्लांच्या मालकांना विचारले तेव्हा सरासरी उत्तर आले दिवसाला सुमारे ११ तास, आणि वर्षाच्या कुत्र्यांसाठी त्याहून किंचित कमी. मग खरे कोणते?

इथे आपला इंजिनिअरिंगचा पहिला धडा कामी येतो : आकडा पाहण्याआधी तो कशाचा आणि कसा मोजला ते पाहा. १८-२० तास हा आकडा लहान पिल्लांबाबत सांगितला जातो आणि त्यात नुसते डोळे मिटून पडणेही धरलेले असते. ११ तास हा आकडा चार महिन्यांच्या पिल्लाचा आहे, आणि तो मालकाच्या अंदाजातून आलेला आहे. मालक झोपलेला असताना किंवा कामावर असताना पिल्लू काय करते हे त्याला कसे कळणार? म्हणून एका आकड्याला चिकटून "आपले पिल्लू कमी झोपते, जास्त झोपते" अशी काळजी करू नये. तेच पिल्लू कालच्यापेक्षा आज वेगळे वागते आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

आता मोठ्या कुत्र्याची 'श्वाननिद्रा' पाहू. ऑस्ट्रेलियात ॲडम्स आणि जॉन्सन यांनी कुत्र्यांच्या रात्रीच्या झोपेचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. कुत्री सरासरी १६ मिनिटे झोपत, ५ मिनिटे जागत, पुन्हा झोपत. म्हणजे २१ मिनिटांचे एक चक्र. आठ तासांत अशी सुमारे २३ चक्रे. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत ड्यूटी सायकल १६ भागिले २१, म्हणजे ७६ टक्के! तुकडे केले तरी बेरीज भरपूर आहे. शिवाय दिवसाच्या डुलक्या वेगळ्याच. तेव्हा श्वाननिद्रा म्हणजे कमी झोप, हा हॉस्टेलचा अर्थ कुत्र्याला मान्य होणारा नाही. गुरुजींचा 'सावध झोप' हाच अर्थ बरोबर.

झोप तोडली तर?

हा भाग वाचायला जड आहे, पण सांगितलाच पाहिजे. १८९४ साली रशियातल्या मारिया मानासेइना या डॉक्टर बाईंनी दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांना सतत जागे ठेवण्याचा प्रयोग केला. खाणेपिणे, ऊब सगळे व्यवस्थित होते, फक्त झोप नव्हती. चार-पाच दिवसांत पिल्ले मरू लागली. जितके पिल्लू लहान तितके लवकर. याउलट वीस-पंचवीस दिवस उपाशी राहिलेले कुत्रे पुन्हा खाऊ घालून वाचवता येते, असे त्यांनी नोंदवले. झोप ही अन्नापेक्षाही निकडीची गरज आहे हे प्रयोगाने दाखवणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. आज असा प्रयोग कोणी करू नये आणि आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालापासून आहे. पण वेगवेगळ्या खोल्यांतल्या दहा मुलांनी आळीपाळीने एकाच पिल्लाला रात्रभर खेळवले, तर त्या पिल्लाच्या दृष्टीने फार वेगळे काय घडते? प्रत्येकजण "मी तर दहाच मिनिटं घेतलं" असे म्हणतो, आणि ते खरेही असते. पिल्लाच्या वाट्याला मात्र दहा गुणिले दहा मिनिटे येतात.

दुसरा प्रयोग आनंदाचा आहे. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी २०१७ साली कुत्र्यांना नवीन आज्ञा शिकवल्या आणि नंतर त्यांना झोपू देऊन मेंदूच्या लहरी नोंदवल्या. शिकल्यावर झोपलेल्या कुत्र्यांची कामगिरी सुधारली. झोपेच्या लहरींचा आणि शिकण्याचा संबंध दिसला. शिकवून झाल्यावर पिल्लाला झोपू द्यावे, ही गोष्ट यातून घेता येते. व्हायवाच्या आदल्या रात्री काय करावे हेही ज्याने त्याने घ्यावे!

नेहमीची झोप आणि आजारपणाची झोप

भरपूर झोपणारे पिल्लू निरोगी असू शकते, तसेच आजारीही. फरक झोपेत शोधू नका, जागेपणात शोधा.

निरोगी पिल्लू उठल्यावर पूर्ण उठते. आळस देते, शू करते, आईकडे किंवा ताटलीकडे धावते, भावंडाचा कान ओढते. पोट गोल, पण ताठर नाही. हिरड्या गुलाबी. झोपेतला श्वास शांत, साधारण मिनिटाला १५ ते ४०.

आजारी पिल्लू उठवले तरी मान टाकते. दूध-अन्नाकडे पाहत नाही. ढिगापासून वेगळे, एकटे पडते, किंवा सारखे बारीक रडत राहते. अंग गार किंवा फार गरम. उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब असतील तर पार्व्होची शंका धरावी. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना विशेष धरतो आणि उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत सगळे संपते. सकाळपर्यंत वाट पाहू नये. जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि गरज पडली तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

एक विरळा आजारही माहीत असावा : नार्कोलेप्सी. यात प्राणी आनंदाच्या भरात, खाणे समोर दिसताच, एकदम लुळा पडतो. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला डिमेंट यांनी अशा डॉबरमन कुत्र्यांचा कळप सांभाळला आणि १९९९ साली तिथल्याच मिन्यो यांच्या गटाने त्यामागचा जीन शोधला. माणसातल्या याच आजाराचे कोडे उलगडायला त्या कुत्र्यांची मदत झाली.

आपण काय करावे?

१) झोपलेले पिल्लू उचलू नये. खेळायचे तर ते आपणहून उठून आले की खेळावे. तेही संध्याकाळी. रात्री दहानंतर जिन्याखाली कर्फ्यू!

२) कोरडी तणस आणि त्यावर बारदाना, तोही फरशीला न टेकता लाकडी फळीवर. ओली तणस लगेच बदलावी. आडोसा वाऱ्याच्या बाजूने. आपल्याकडे या दोन्ही वस्तूंना तोटा नाही, राइस मिल हाकेच्या अंतरावर आहे.

३) दूध पिल्लाला देण्यापेक्षा जेवण आईला द्यावे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गायीच्या दुधाच्या दुप्पट किंवा अधिक असतात. आई पोटभर जेवली की पिल्ले आपोआप पोटभर झोपतात. बिस्किटाने पोट भरल्याचा फक्त भास होतो.

४) गाडी काढण्याआधी खाली वाकून पाहावे. थंडीत पिल्ले उबेसाठी गाडीखाली, चाकाला टेकून झोपतात. किक मारण्याआधीचे पाच सेकंद एक जीव वाचवतात.

५) घरी पाळायला न्यायचे असेल तर आठ आठवड्यांच्या आधी नेऊ नये. किती जोरात चावले की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांकडूनच शिकते. नेल्यावर पहिल्या काही रात्री ते रडणार. आजवर ढिगात झोपलेला जीव प्रथमच एकटा झोपतो आहे. त्याची जागा आपल्या खाटेजवळ ठेवावी, झोपण्याआधी शू करवून आणावी, जवळ जुने कापड द्यावे. दूर अंगणात बांधून ठेवू नये. सहा-आठ आठवड्यांपासून लसी आणि तीन महिन्यांना रेबीजची लस ठरलेली.

६) पिल्लू चावले किंवा दात नुसते लागले, तरी "लहान तर हाय" म्हणून सोडू नये. रेबीज पिल्लांनाही होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. ती तिथे मोफत मिळते. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच.

७) शेवटचा मुद्दा कर्मचारी मंडळींसाठीही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून भटकी कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचे आदेश दिले. चावण्याच्या घटना पाहता काळजी रास्त आहे. पण पोत्यात भरून पिल्ले नाल्यापलीकडे सोडून देणे हा त्या आदेशाचा अर्थ नव्हे. आईवेगळी तीन आठवड्यांची पिल्ले थंडीच्या एका रात्रीत संपतात, गणित वर दिलेच आहे. रेक्टर सर, प्राचार्य, नगर परिषद किंवा ग्रामपंचायत आणि पशुवैद्यक यांच्याशी बोलून रीतसर काय ते करावे. आणि तोवर आपल्यापैकी जे लाखनी, साकोली, पवनी, तुमसर, मोहाडीकडच्या शेतकरी घरातले आहेत, त्यांनी आठ आठवडे पूर्ण झालेले एकेक पिल्लू घरी नेता येते का ते विचारावे. धुऱ्यावर राखणीला कुत्रा सगळ्यांनाच हवा असतो. एका वेतात पाच-सहाच पिल्ले असतात. हॉस्टेलमध्ये आपण त्यांच्या कितीतरी पट आहोत.

यंदा जिन्याखाली पिल्ले दिसली की प्रत्येक विंगमधून एकाने जबाबदारी घ्यावी आणि नोटीस बोर्डावर एक कागद लावावा : "पिल्ले झोपली आहेत. आवाज नको." तो कागद परीक्षेच्या दिवसांत काढला नाही, तरी कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही.